झोपेतला खडक

एकदा एक वृद्ध गुरू समुद्रकाठी राहत होते. होडी कशी वल्हवावी, पाण्याचा रंग कसा ओळखावा, हे शिकायला लांबून तरुण त्यांच्याकडे येत. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांचा दिवस पहाटे फार लवकर सुरू होई. सूर्य बुडाला की ते दोन घास खाऊन ओसरीवर आडवे होत. मग त्यांना कोणी उठवत नसे.

गावासमोरच्या उथळ पाण्यात पोवळ्यांचा एक मोठा खडक होता. चुन्याच्या एका व्यापाऱ्याची त्यावर नजर गेली. तो खडक फोडून भट्टीत भाजला तर उत्तम चुना निघेल, असे त्याच्या मनात आले. आबांनी त्याला विनवले, "शेठ, तिथं मासे राहतात. त्यांच्या जिवावर गाव जेवतं." व्यापारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने आबांच्या एका शिष्याला वाटेत गाठून विचारले, "काय रे, हे मासे तिथं सदासर्वकाळ असतात का?"

शिष्य हुशार होता, आणि हुशार दिसण्याची त्याला हौसही होती. तो म्हणाला, "छे! दिवेलागणीला खडक अगदी ओस पडतो. मी स्वतः पाहिलंय. एक शेपूट दिसत नाही."

"मग झालं तर! माझी माणसं अंधार पडल्यावरच दगड काढतील. माशांना त्रास नाही आणि मला पाप नाही. आजच सांगतो तुझ्या आबांना."

त्याच संध्याकाळी व्यापारी आला. आबा ओसरीवर गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडे, लाळ उशीवर ओघळलेली, धोतर गुडघ्याच्या वर सरकलेले. एवढा मोठा माणूस दारात, आणि आपले गुरू असे! शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याने त्यांना गदागदा हलवले.

"आबा, उठा! पाहुणे आलेत."

आबा उठून बसले, पण झोप उतरली नव्हती. भिंतीकडे बघत ते म्हणाले, "नांगर टाकलास का रे?"

व्यापारी खो खो हसला. "हे मला समुद्र समजावणार?"

तेव्हा शिष्य घाईघाईने बोलून गेला, "मनावर घेऊ नका, शेठ. वय झालंय त्यांचं. आता काही कळत नाही त्यांना."

आबांनी ते ऐकले. उपरण्याने तोंड पुसले, धोतर सारखे केले. व्यापारी म्हणाला, "तुमचा शिष्यच सांगतो, आबा, संध्याकाळी खडक ओस पडतो. मग तक्रार कसली?"

आबांनी मावळत्या उजेडाकडे पाहिले. मग म्हणाले, "उद्या या वेळेच्या जरा आधी या. होडीतून जाऊन बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी नेहमीप्रमाणे आधी शिष्याला पेज वाढली. "मीठ पुरे का?" एवढेच विचारले. ते रागावले असते तर शिष्याला बरे वाटले असते. दिवसभर त्याने त्यांच्याकडे मान वर करून पाहिले नाही.

संध्याकाळी तिघे निघाले. ओहोटी होती. पाणी काचेसारखे स्थिर होते आणि खडकावर रंगीत माशांचा बाजार भरला होता. ऊन उतरू लागले तसे एकेक मासा कपारीत शिरला. बघता बघता सगळे सामसूम झाले.

"बघा," व्यापारी म्हणाला. "ओस."

शिष्याला एवढ्या शरमेतही किंचित बरे वाटले. आपण निदान खरे तरी बोललो.

"थांबा जरा," आबा म्हणाले.

उजेड आणखी मावळला. मग त्याच कपारींतून मोठ्या डोळ्यांचे तांबडे मासे बाहेर आले. आधी दोन-चार, मग थवेच्या थवे.

"हे कुठं होते?" व्यापाऱ्याने विचारले.

"इथंच. दिवसभर झोपले होते."

आबा गुडघाभर पाण्यात उतरले, मागोमाग ते दोघेही. त्यांनी कंदील खाली धरला. एका कपारीत एक पोपट मासा निश्चल पडला होता आणि त्याच्या अंगाभोवती कोळिष्टकाहूनही तलम असा पडदा होता.

"हे त्याचं पांघरूण," आबा म्हणाले. "स्वतःच्या लाळेचं. झोपताना करतो, सकाळी टाकून देतो."

मग त्यांनी होडीतली काठी उचलून शिष्याच्या हातात दिली.

"उठव त्याला. पाहुणे आलेत."

शिष्याचा हात उचलेना. काठी धरावी की टाकावी, तेही त्याला कळेना.

आबांचा आवाज वाढला नाही. ते म्हणाले, "ज्याची वेळ असते तो बाहेर दिसतो. दुसरा आत असतो. दिसत नाही म्हणून नसतो असं नाही, बाळा. एक घर दोघांचं आहे. एक निजला की दुसरा जागतो. मधे घटकाभर कोणीच दिसत नाही, आणि तू तेवढंच बघून आलास. निजलेल्याला हलवलं म्हणून तो जागा होत नाही रे. नुसता उघडा पडतो."

शिष्य व्यापाऱ्याकडे वळला. "शेठ, मी अर्धवट पाहिलं आणि जेवायला घरी गेलो. पुढचं मला ठाऊक नव्हतं. तरी ठासून सांगितलं. आणि काल आबांना काही कळत नाही म्हणालो, तेही..." आबांनी त्याच्या हातातून काठी काढून घेतली आणि पाठीवर हात ठेवला.

व्यापारी वाकून बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिला. "मग खडक फोडायचा कधी म्हणता?"

"तुम्हीच सांगा, शेठ. कोणाच्या झोपेत फोडायचा?"

होडीत बसल्यावर व्यापारी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला, "शिंपल्यांचाही चुना होतो. वेचायला माणसं लागतील, पण होतो."

परतताना वल्ही शिष्याच्या हातात होती. खडकाची हद्द संपेपर्यंत त्याने ती इतक्या हलक्या हाताने पाण्यात टाकली की थेंबाचाही आवाज झाला नाही. तसे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते.