चिमाबाईच्या दारातली हद्द

फार मागं, माणसं यायच्या आधी, ओढा आणि माळ असे जनावरांचे दोन मतदारसंघ होते. मधली हद्द दर दोन निवडणुकांनी सरकायची. चिमाबाई खेकडीण आजी-आईच्याच बिळात जन्मली आणि वाढली. तरी तिची आजी ओढ्याची मतदार, आई माळाची, आणि आपण कुणाच्या, हे काही तिला उमगेना.

या खेपेला मोजणीदार बगळ्यानं हद्दीचा दगड नेमका तिच्या बिळाच्या तोंडावर बसवला. मागच्या फटीतून ती बाहेर यायची, पण आत झिरपणारं पाणी तुटलं. पिल्लं सुकायला लागली.

ती ओढ्याच्या आमदाराकडं, बेडकाकडं गेली. "चिमाबाई, तुम्ही आता माळाच्या," तो म्हणाला. माळाचा आमदार ससा म्हणाला, "मागं मत बेडकालाच दिलंत ना? मग त्यालाच सांगा."

मतदानाच्या सकाळी मात्र दोघं दगडापाशी हजर. "काकू, तुम्ही आमच्याच."

"मग दगड उचला."

"छे, ती हद्द आहे. तिला हात लावत नसतात," दोघं एका सुरात म्हणाले.

चिमाबाईला वाटलं, आपणच अडाणी. मग आतून पिल्लू कण्हलं. ती मागून शिरली आणि दगडाखालची माती उकरत बसली. दुपारी दगड गडगडत ओढ्यात गेला. बिळात पाणी आलं.

आता कोण कुणाचं, हे आमदारांनाच कळेना. "काकू, तुम्ही कुणाच्या हो?"

"पिल्लांना न्हाऊ घालतेय," चिमाबाई म्हणाली. "हद्द तुम्ही ठरवा. दगड मात्र आपापल्या दारात ठेवा."