वास्तू तथास्तु म्हणते

एका गावात गोधड्या शिवणारी एक बाई राहायची, आणि तिच्या भिंतीला भिंत लावून एक काळजीखोर शेजारीण. शेजारणीला सगळ्याचीच काळजी. पोर पडेल याची, आणि नाही पडलं तर अजून कसं पडलं नाही याची. गाव तिला हसायचं.

एका दुपारी गोधडीवालीने आपली सुयांची डबी तिच्या हातात ठेवली. "ठेव तुला. मला आता लागायची नाही."

"सुयांवाचून शिवशील कशाने?"

ती नुसती हसली आणि गेली.

महिनाभर गोधडीवालीची चूलही धड पेटत नव्हती. काय विचारायचं ते शेजारणीला कळत होतं, पण त्या गावात अभद्र बोलायची चोरी. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचे.

शेजारणीच्या सासूबाई म्हणाल्या, "असलं विचारू नकोस हो. तिच्या मनात नसेल ते तूच घालशील."

तरी ती गेली, आणि मीठ मागून परत आली. घरात मिठाचा रांजण भरलेला होता. आपल्या उंबऱ्यातूनच ती पुन्हा गोधडीवालीकडे वळली.

"हे बघ, मला नीट विचारता येत नाही. चुकलं तर शिव्या दे. तुझ्या मनात जीव द्यायचं येतंय का गं?"

शेजारीण घाबरून आढ्याकडे बघत राहिली. आढं काही बोललं नाही. गोधडीवाली बोलली.

"येतं. रोज येतं. सोमवारी एकीला कात्री दिली, बुधवारी एकीला कापडं. सगळ्या म्हणाल्या, केवढं गं मन मोठं तुझं."

शेजारणीकडे शहाणपणाचं काही नव्हतं. तिने दिवस कलेपर्यंत ऐकलं. जिवाला घातक असं घरात काय आहे ते विचारलं आणि आपल्याकडे नेऊन कुलपात ठेवलं. मग म्हणाली, "सकाळी वैद्यबाईंकडे जाऊ. परवाही मी येणार. कंटाळलीस तरी येणार."

सासूबाईंनी ऐकलं. आपली वळकटी उचलली आणि गोधडीवालीकडे झोपायला गेल्या.

वैद्यबाईंचं औषध बरेच महिने चाललं. मध्येच वाईट दिवसही आले. शेजारीण येतच राहिली. मग एका सकाळी गोधडीवालीच दारात उभी.

"माझी डबी दे गं. तुझ्या पोराची फाटकी दुपटी बघवत नाहीत मला."

तात्पर्य: भीती वाटली तरी विचारावं, विचारल्याने कुणी मरत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं, घरात मीठ असलं तरी.