एका नावाची जागा

संगणक घरोघरी नवे होते तेव्हाची ही गोष्ट. लिनक्स या संगणकप्रणालीच्या एका फोल्डरमध्ये सी या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या दोन फायली शेजारी राहत होत्या, उजळणी आणि दिनदर्शिका. नुसती लिहिलेली फाईल चालत नाही. कंपायलर तिच्यापासून चालणारा प्रोग्राम घडवतो.

आधी उजळणी गेली.

"नाव सांगितलं नाहीस, तर मी सगळ्यांचं 'ए डॉट आउट'च ठेवतो," कंपायलर म्हणाला.

"ठेवा काहीही, पण लवकर करा."

तिचा प्रोग्राम खडाखडा पाढे म्हणू लागला. उजळणी हरखून गेली.

मग दिनदर्शिकाही तशीच घाईने जाऊन आली. तिचा प्रोग्राम त्याच नावाने जन्मला आणि उजळणीचा पुसला गेला.

"माझा कुठे गेला?" उजळणी रडवेली झाली.

"एका नावाला एकच जागा," कंपायलर म्हणाला. "तुझा पुन्हा घडवू?"

उजळणीला संताप आला होता. आता नाव सांगितलं नाही, की दिनदर्शिकेचाही पुसला जाणार होता. शेजारीण खाली मान घालून उभी होती. उजळणीने तिच्याकडे पाहिलं.

"घडवा," ती म्हणाली, "पण त्याचं नाव 'उजळणी' ठेवा. जुनं नाव हिच्या लेकराकडेच राहू द्या."