जांभळाखालच्या सिस्टर

जरा बाजूला सरका, पाव्हणे. तुमचा सदरा पांढरा आहे आणि तुम्ही नेमके ह्या जांभळाखाली उभे आहात. पडलं एखादं, तर घरी गेल्यावर बायको बोलेल आणि शिव्या आमच्या गावाला बसतील. मठाच्या फाटकाशी कुणी एवढं डागाळणारं झाड ठेवतं का, असं येणारा प्रत्येक माणूस विचारतो. झाड ठेवलंय ते मुद्दाम. संत योहानाच्या सणाला मठातल्या सगळ्या सिस्टर इस्त्रीचे पांढरे झगे घालून ह्याच्या खाली ओळीनं उभ्या राहतात आणि गावातली पोरं वरून त्यांना जांभळांनी मारतात. फादर बघत असतात, आयाबाया बघत असतात, कुणी अडवत नाही. हे सगळं नातालीनमुळं झालं, असं सांगतात.

ही नातालीन शेवटच्या वाडीतल्या कातरीनची पोर. कातरीन सुकेळी करायची. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखी झाली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. आता वसईकडच्या माणसाला सुकेळी म्हणजे जीव की प्राण. म्हणून ईस्टरच्या आधीच्या उपवासात गावातलं प्रत्येक घर सुकेळी सोडायचं आणि घरातली पुडकी मठातल्या रांजणात नेऊन टाकायचं. ईस्टरला रांजण फुटायचा आणि पोरांना वाटप व्हायचं. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही, सिस्टरांनी तर नाहीच नाही, कारण त्यांचा उपास गावापेक्षा कडक.

त्या वर्षी ईस्टरला मठाच्या मुख्य मदर युफ्रेझियांनी सगळ्या गावादेखत झाकण काढलं, तर रांजण रिकामा! तळाशी चार मुंग्या तेवढ्या फिरत होत्या.

रांजण होता ती कोठीची खोली झाडायची पाळी त्या उपवासात नातालीनची होती. झालं. मदरनी हाताला धरून तिला पुढं ओढली. पोर रडली, शपथा घेतल्या, कातरीन पाया पडली. पण मठातल्या बाकीच्या तिन्ही सिस्टर खाली माना घालून म्हणाल्या, "हिच्याशिवाय कोण असणार?" पुढच्याच रविवारी नातालीनचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता, म्हणजे पांढरं घालून देवळात पहिल्यांदा प्रसादाची भाकर घ्यायचा दिवस. कातरीननं स्वतःची लग्नाची साडी उसवून तिच्यासाठी पांढरा झगा शिवला होता. मदर म्हणाल्या, "आधी चोरी कबूल कर, मग झगा घाल."

"केलीच नाही तर कबूल काय करू?" नातालीन म्हणाली.

त्या रविवारी बाकीची पोरं पांढरी होऊन मठाच्या आवारातल्या देवळात गेली आणि नातालीन घरच्याच परकरात बाहेर ह्या जांभळाखाली उभी राहिली, म्हणे. झाड तेव्हा नुसतं मोहरलेलं होतं. आतून गाणं ऐकू येत होतं. पोरीनं वर बघून दात खाल्ले. "मला पांढरं घालू दिलं नाही काय! ही जांभळं पिकू देत. जिनं खाल्लं तिच्या अंगावर पांढरं ठेवणार नाही." बघा, आठ-नऊ वर्षांची पोर. रडून विसरून जायचं वय. पण ती विसरली नाही, आणि बरंच झालं.

तिला पक्कं ठाऊक होतं की सुकेळं खाता येतं, पण त्याचं पान लपवणं अवघड. जाळलं तर वास सुटतो, फेकलं तर कोंबड्या उकरतात. म्हणजे पानं मठातच कुठंतरी होती. शिक्षा म्हणून तिला रोज मठात झाडलोट करायला लावलंच होतं. मांजराला दुधाच्या राखणीला ठेवावं तसं झालं ते, फक्त ह्या मांजराला दूध नको होतं.

पहिला सुगावा लागला पेटीत. सिस्टर ऑक्टेव्हिया गाणं बसवायच्या, आणि ईस्टरपासून त्यांची पेटी दम्याच्या म्हातारीसारखी घरघरत होती. नातालीननं पुसायच्या निमित्तानं पेटी उघडली, तर भात्यात सुकेळ्याची पानं कोंबलेली! पोरीला वाटलं, सापडली चोर. पण पानं मूठभरच. तेवढ्यानं रांजण रिकामा होत नाही. मग तिनं सिस्टर तेक्लांच्या स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा ढवळला, तिथंही मूठभर. शिवणाच्या सिस्टर बिबियाना, त्यांच्या चिंध्यांच्या पिशवीत हात घातला, तिथंही मूठभर. अगंबाई! चोर एक नव्हताच. तरीही रांजणाचा हिशेब जुळेना, अजून पुष्कळ पानं कुठंतरी असायला हवी होती.

देवळाच्या कोनाड्यात संत अंतोनीची मूर्ती होती. हरवलेलं शोधून देणारा संत तो. त्याच्यापुढची फुलं मदर स्वतः बदलायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आणि संत हल्ली पुढं झुकल्यासारखा दिसत होता. नातालीननं त्याच्या पाठीमागे हात घातला. आत पानं इतकी ठासून भरली होती की हात निघता निघेना.

त्याच संतापुढं मदरनी तिला गुडघ्यावर बसवून कबुली मागितली होती. नातालीनला असा संताप आला की तिला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण तिनं पानं होती तशीच ठेवली. घरी जाऊन फक्त कातरीनला सांगितलं, "आये, सणाला देवळात अंतोनीबाबाजवळ उभी राहा. मी हाक मारली की त्याला पुढं सरकव."

जून संपत आला आणि संत योहानाचा सण आला. झाड जांभळांनी काळं झालं होतं. मिरवणूक निघाली, पुढं क्रूस, मागं कडक इस्त्रीतल्या चार सिस्टर. त्या झाडाखाली आल्या मात्र, वरून आलं पहिलं जांभूळ, फट्कन, ऑक्टेव्हियांच्या छातीवर.

"हे पेटीतल्या पानांचं!" वरून आवाज आला. दुसरं तेक्लांच्या पाठीत. "हे तांदळातल्या!" तिसरं बिबियानांच्या डोक्यावरच्या फडक्यावर. "हे चिंध्यांतल्या!"

"खाली उतर, चोरटे!" मदर कडाडल्या.

"चोरटी कोण ते अंतोनीबाबाच सांगेल. आये, सरकव गं त्याला!"

कातरीन देवळातून आली ती पदर भरून पानं घेऊन. तिनं ती सगळ्या गावासमोर मदरच्या पायाशी ओतली. तिची स्वतःच्या हातची गाठ त्यातल्या कितीतरी पानांवर तशीच होती.

मग म्हणे पोरंसुद्धा हसायची थांबली. तेक्ला हळूच म्हणाल्या, "मी तर थोडीच खाल्ली होती. मला वाटलं, बाकीची हिनंच..." ऑक्टेव्हिया म्हणाल्या, "मीसुद्धा थोडीच!" बिबियानांनी तोंडात पदर कोंबावा तसं फडकं कोंबलं. चौघींनी एकमेकींच्या नकळत खाल्लं होतं आणि चौघींनीही फादरांकडे कुमसार करून ते पाप देवाला सांगून टाकलं होतं. देवाशी त्यांचं मिटलं होतं, पण पोरीशी मिटवायचं कुणाला सुचलंच नाही. आणि फादर बिचारे, कुमसारातलं बाहेर काढता येत नाही म्हणून ईस्टरपासून मूग गिळून बसलेले.

मदर युफ्रेझियांनी पायाशी पडलेली पानं बाजूला सारली. मग त्या एकट्या पुढं आल्या आणि झाडाखाली हात पसरून उभ्या राहिल्या. "मार," त्या म्हणाल्या.

तुम्हाला वाटेल, पोरीचं मन विरघळलं. मुळीच नाही! तिनं ओटीतली एकूण एक जांभळं मारली. मदर वरपासून खालपर्यंत जांभळ्या झाल्या तरी हलल्या नाहीत.

"झालं समाधान?"

"नाही. माझा झगा राहिला."

"येत्या रविवारी घाल. मी स्वतः तुला देवळात नेईन."

"येईन," नातालीन फांदीवरून म्हणाली, "पण तुम्ही चौघींनी हेच कपडे घालून यायचं. धुवायचे नाहीत."

आणि त्या आल्या. पेटी वाजवणारी जांभळी, मेणबत्त्या धरणाऱ्या जांभळ्या, आणि मधोमध कातरीनच्या साडीचा झगा घातलेली नातालीन. माफ केलं का, असं मदरनी मरताना तिला विचारलं होतं म्हणतात. "विचार करते," असं ती म्हणाली. अजून करत असेल.

आजही पहिला ख्रिस्तप्रसाद सगळीकडे आपापल्या सोयीनं होतो, पण आमच्याकडे तो ह्या सणानंतरच्याच रविवारी होतो, चिखल असो की पाऊस. सिस्टर डागांचे झगे न धुता येतात, देवळात पांढरं असतं ते फक्त पोरांच्या अंगावर. दर दोन-चार वर्षांनी एखादी नवी सिस्टर बदलून येते, आणि पहिल्या सणाला फाटकाशीच अडून बसते. म्हणते, "मला कशाला मारता? मी तर त्यातलं एकही सुकेळं खाल्लं नाही."

तेव्हा गावातली एखादी म्हातारी तिला सांगते, "नातालीननं तरी कुठं खाल्लं होतं?"

मग ती मुकाट्यानं झाडाखाली जाऊन उभी राहते.