पाकिटात नसलेले उत्तर

खाडीकाठच्या एका बाजारगावात एकदा एक वृद्ध जादूगार मुक्कामाला आला. सोबत त्याचा शिष्य होता. या जादूगाराला सारे जण गुरुजी म्हणत. टोपीतून कबुतर काढणे, दोरी कापून पुन्हा सांधणे असले खेळ त्याने केव्हाच सोडून दिले होते. आता तो एकच प्रयोग करी. समोरच्या माणसाच्या मनातले नाव ओळखणे.

त्याच्याजवळ काळ्या चामड्याचे एक पाकीट होते. प्रेक्षकांतील कुणा एकाला तो मंचावर बोलावी. त्याच्या हाती चिठ्ठी आणि पेन्सिल देई आणि म्हणे, "जो माणूस तुमच्या मनातून कधीच जात नाही, त्याचं नाव लिहा. मला दाखवू नका." तो माणूस लिहीत असताना गुरुजी पाठ फिरवून उभे राहत. मग तो माणूस स्वतःच्या हाताने चिठ्ठी पाकिटाच्या कप्प्यात सरकवी आणि पाकीट बंद करी. गुरुजी परत आलेली पेन्सिल पाकिटात ठेवत, पाकीट त्याच माणसाच्या हाती देत आणि डोळे मिटून घेत. सभागृहात श्वासाचाही आवाज येईनासा होई. थोड्या वेळाने ते हळूच एक नाव उच्चारत, आणि मंचावरचा माणूस बहुधा रडू लागे.

शिष्याचे नाव नीळकंठ. शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडून तो गुरुजींकडे आला होता. पाकिटाचे रहस्य त्याला ठाऊक होते. आतल्या अस्तराला एक बारीक फट होती. पेन्सिल ठेवण्याच्या निमित्ताने पाकीट क्षणभर उघडले की फटीतून चिठ्ठीवरचे अक्षर दिसे. एवढीच विद्या. तरीही गुरुजी डोळे मिटून उभे राहिले की नीळकंठच्या अंगावर काटा येई. युक्ती माहीत असूनही आपल्याला असे का होते, याचे उत्तर त्याला सापडत नसे.

त्या गावी प्रयोगाला मोठी गर्दी लोटली. गुरुजींनी पुढच्या रांगेतील एका गृहस्थांना वर बोलावले. ते गावातले धान्याचे व्यापारी होते, लोक त्यांना आबाशेठ म्हणत. ताठ कण्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चिठ्ठी घेतली, लिहिली, पाकिटात ठेवली. गुरुजींनी डोळे मिटले. आज त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग म्हणाले,

"श्रीरंग."

सगळे सभागृह हळहळले. श्रीरंग हा आबाशेठचा एकुलता एक मुलगा. मागल्या वैशाखात अचानक सुटलेल्या वाऱ्यात खाडीत होडी उलटली, तीत तो गेला होता. आबाशेठ रडले नाहीत. त्यांनी गुरुजींकडे एकदा पाहिले, हात जोडले आणि ते मंचावरून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबाशेठ, गुरुजी उतरले होते त्या धर्मशाळेच्या ओसरीवर आले. गुरुजी चहा घेत होते. आबाशेठनी पायातल्या वहाणा काढल्या आणि सरळ गुरुजींच्या पायांवर डोके ठेवले.

"अहो, हे काय करता? उठा, उठा," गुरुजी म्हणाले.

"उठत नाही. काल तुम्ही माझ्या मुलाला हाक मारलीत. गावात त्याचं नाव कुणी माझ्यासमोर काढत नाही. तुमचा आणि त्याचा काहीतरी संबंध जुळल्याशिवाय हे होणार नाही. मला एकच गोष्ट विचारून द्या त्याला."

"काय विचारायचंय?"

आबाशेठनी डोके वर उचलले. मग ते म्हणाले, "तो माझ्याविषयी काय म्हणतो, एवढंच. दुसरं काही नको. याच्या बदल्यात जे मागाल ते देईन. खाडीवरचं घर तुमच्या नावे करतो. तिथं राहा, लोकांना मार्ग दाखवा."

नीळकंठने गुरुजींकडे पाहिले. त्याच्या मनात आले, किती सोपे आहे हे! एक वाक्य बोलायचे. 'तुमचा मुलगा सुखात आहे, तुमची आठवण काढतो.' एवढ्याने या माणसाचा जन्म हलका होईल. यात कुणाचे काय बिघडणार?

गुरुजींनी कप खाली ठेवला. ते आत गेले, काळे पाकीट घेऊन आले आणि त्यांनी ते आबाशेठच्या हातात दिले.

"उघडा."

"गुरुजी!" नीळकंठ एकदम म्हणाला. गुरुजींनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही.

"आतल्या अस्तरावर बोट फिरवा. अजून खाली. लागली का फट? आता कालची चिठ्ठी त्याच कप्प्यात आहे बघा. पाकीट थोडं तिरकं धरा. दिसतंय काही?"

आबाशेठनी पाकीट तिरके धरले. फटीतून त्यांना स्वतःच्याच हस्ताक्षरातले मुलाचे नाव दिसले. ते कितीतरी वेळ तसेच पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे हे... हे असं आहे?"

"असंच आहे. तुमच्या मुलाशी माझा काही संबंध नाही. मी त्याचं नाव वाचलं, बस."

"फसवलंत मला! भर सभेत माझ्या दुःखाचा खेळ केलात!" आबाशेठचा आवाज चढला. "रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. तुमच्याकडे यायला उजाडायची वाट बघत बसलो. आणि तुम्ही मला हे भोक दाखवता?"

"हो," गुरुजी म्हणाले. "खेळाच्या वेळी लोकांना ठाऊक असतं की हा खेळ आहे. तुम्ही आज सकाळी खेळाला आला नाहीत. म्हणून तुम्हाला दाखवलं. रागावा माझ्यावर. तो तुमचा अधिकारच आहे."

आबाशेठ जायला वळले. पायरीपर्यंत गेले. तेवढ्यात गुरुजी मागून हलकेच म्हणाले,

"शेठजी, तो घरातून निघाला तेव्हा तुमचं भांडण झालं होतं का?"

आबाशेठ जागच्या जागी थांबले. मागे न वळताच त्यांनी विचारले, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही."

"मी चिठ्ठीत हे लिहिलं नव्हतं."

"नव्हतं. पाकिटात फक्त नाव होतं. पण मूल गेलेले आईबाप विचारतात, तो कसा आहे, कुठे आहे, त्याला काही त्रास तर नाही ना? तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, तो माझ्याविषयी काय म्हणतो. तेव्हा वाटलं, याच्या मागे काहीतरी राहून गेलंय."

मग तो ताठ कण्याचा माणूस पायरीवरच बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागला. जरा वेळाने तो आपणहून सांगू लागला. श्रीरंगला दुकानाच्या गादीवर बसायचे नव्हते, त्याला होड्या बांधायचे काम शिकायचे होते. त्यावरून त्या सकाळी शब्दाला शब्द लागला. "मी त्याला म्हणालो, दुकान नको असेल तर या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस. आणि गुरुजी, त्यानं ते ऐकलं हो! कधी नव्हे ते माझं ऐकलं. पुन्हा आलाच नाही."

गुरुजी त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन बसले.

"हे घरात कुणाला बोललात?"

"कुणाला बोलू? त्याच्या आईला? तिला तर सगळं ठाऊकच आहे, ती आत स्वयंपाकघरात होती. बाराव्याच्या दिवशी मीच तिला म्हणालो, आता घरात त्याचं नाव काढायचं नाही. मला ऐकवत नव्हतं. तिनं काढलं नाही. ती माझ्याकडे बघते तेव्हा वाटतं, हिच्या मनात एकच आहे, यानंच माझं पोर घालवलं."

"हे तिनं सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? दिसतं ना."

गुरुजी म्हणाले, "शेठजी, दुसऱ्यांच्या मनातलं ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. पण पाकीट नसेल तर मलाही माणसाला विचारावंच लागतं. तुम्ही घरी जा. तिच्यापाशी बसा. मुलाचं नाव घ्या. आणि जे मला विचारायला आला होतात, ते तिला विचारा."

आबाशेठ उठले. वहाणा पायात सरकवून निघून गेले.

ते दिसेनासे होताच नीळकंठचा संयम सुटला. "गुरुजी, हे काय केलंत? संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळेल. पुन्हा इथं कुणी आपल्याला उभं करणार नाही. आणि तेही राहू द्या. त्या बिचाऱ्याला एक गोड वाक्य सांगितलं असतं, तर तो हसत घरी गेला असता. खोटं असतं, पण त्यात दया होती."

गुरुजींनी नजर खाडीकडे वळवली. मग बोलू लागले.

"नीळकंठ, मी ते वाक्य बोललो असतो, तर तो हसत घरी गेला असता हे खरं. पण चार दिवसांनी पुन्हा आला असता. त्याला दुसरं वाक्य हवं झालं असतं. मग तिसरं. मग मीच त्याचा मुलगा झालो असतो, आणि त्याची बायको त्या घरात अधिकच एकटी पडली असती. तहानलेल्याला चित्रातलं पाणी दाखवू नये. तो तिथंच बसून राहतो, विहिरीकडे जात नाही. विहीर कुठं आहे, तिला पाणी आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. पण ती माझ्याकडे नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तेवढं तरी मी त्याला खरं सांगायला हवं होतं."

नीळकंठला हे पटले, असे म्हणता येणार नाही. आपल्या गुरूने एका दुःखी माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवले, असेच त्याला वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाला जाण्यासाठी दोघे सामान बांधत होते, तेव्हा आबाशेठ पुन्हा आले. या वेळी त्यांच्यासोबत त्यांची पत्नी होती. रमाबाई. डोक्यावरून पदर घेतलेल्या, लहानखुऱ्या बाई. दोघांचेही डोळे सुजलेले होते. पण आबाशेठचा चेहरा नीळकंठला ओळखू येईना, इतका तो बदलला होता.

"तूच सांग," ते पत्नीला म्हणाले. "माझ्यानं सांगवणार नाही."

रमाबाई संकोचल्या. मग खाली पाहत बोलू लागल्या.

"यांनी काल विचारलं, तो माझ्याविषयी काय म्हणत असेल गं? मला आधी समजेचना. मी म्हटलं, म्हणत असेल कशाला, तो म्हणालाच होता की! त्या दिवशी यांच्याशी भांडून तो पुढल्या दारानं गेला ना, तो मागल्या दारानं स्वयंपाकघरात आला. उभ्या उभ्या पाणी प्यायला. मी रडत होते, तर हसून म्हणाला, आई, बाबांचा राग म्हणजे तापलेलं दूध. भसकन वर येतं आणि चुलीवरून उतरवलं की खाली बसतं. संध्याकाळपर्यंत येतो मी, तोवर ते शांत होतील. खाडीपलीकडच्या गावाहून त्यांच्यासाठी फणसाचे गरे आणतो, मग बघ कसे बोलतात ते."

त्यांनी पदराने डोळे टिपले.

"इतके दिवस मी हे एकटीच उराशी धरून होते. यांनी त्याचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मला वाटलं, पोरगा गेला तरी यांचा राग काही गेला नाही. मग कुणाला सांगायचं?"

ओसरीवर वारा आला होता. आबाशेठ स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "गरे आणायला गेला होता. माझ्यासाठी. आणि मी समजत होतो..." रमाबाईंनी सगळ्यांसमोर त्यांचा हात धरला. त्या वयाच्या, त्या गावच्या बाईने असे करणे ही लहान गोष्ट नव्हती.

गुरुजी उठून उभे राहिले. त्यांनी रमाबाईंना वाकून नमस्कार केला. त्या दचकून मागे सरल्या. "अहो, तुम्ही मोठे, मला कसला नमस्कार करता?"

"करू द्या, बाई," गुरुजी एवढेच म्हणाले.

ते नवराबायको बाजारातून घराकडे जाताना दिसत होते. एकमेकांशी बोलत चालले होते. वाटेत आबाशेठ मध्येच थांबत, काहीतरी विचारत, आणि त्या हाताने दाखवून सांगत. बहुधा मुलाच्याच लहानपणीचे काही असावे.

नीळकंठच्या अंगावर काटा आला होता. पण हा काटा मंचावरच्या काट्यासारखा नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला,

"गुरुजी, खरं सांगा. त्या माउलीपाशी हे उत्तर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही रे," गुरुजी म्हणाले. "मला कुठून ठाऊक असणार? मला वाटलं होतं, फार तर दोघं मिळून रडतील. तेवढंही पुष्कळ झालं असतं." त्यांनी अर्धवट बांधलेल्या सामानाची दोरी आवळली. "आणि विचार कर. मी काल ते गोड वाक्य बोलून बसलो असतो, तर त्यानं तिला कधी विचारलंच नसतं. मुलाचे खरे शब्द त्याच घरात होते, एका भिंतीपलीकडे. ते तसेच राहिले असते, ती जाईपर्यंत."

नीळकंठने गुरुजींकडे पाहिले, तेव्हा त्या वृद्धाच्या डोळ्यांत पाणी होते आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखे आश्चर्य.

"जन्मभर मी लोकांना थक्क करत आलो," गुरुजी म्हणाले. "आज माझी पाळी होती."

आपणही आपल्या प्रश्नांची उत्तरे शोधत दूरदूरची दारे ठोठावत असतो. त्याआधी घरातल्या माणसापाशी एकदा बसावे, आणि विचारावे.