सुभानाचे अठरा खडक

पुन्हा मलाच सांगायला लावता. दरवर्षी घाटावर आणून बसवता, चहा देता तोही गारढोण, आणि वर म्हणता, बाबा, सुभानाची गोष्ट सांगा. बरं, ऐका. मध्येच कोणी बोललं तर मी उठून जाईन.

फार फार मागं, या नदीवर पूल सोडा, साधा साकवसुद्धा नव्हता, तेव्हा आपल्या कोंडव्यात सुभाना भोई होडी चालवायचा. चालवायचा कसला, आपटायचा. नदीच्या पोटात खडक दडलेले, आणि मधोमध गेलं की सुभानाचं डोकं फिरायचं. कुठून निघालो, कुठं चाललो, काही उमगायचं नाही. असं म्हणतात, एकदा पलीकडं सातोशीला लग्नाला निघालेला नवरदेव त्यानं तासाभरानं परत कोंडव्यालाच उतरवला, आणि वऱ्हाड वाजतगाजत नवरदेवाच्याच दारात गेलं.

होडी खडकावर आपटली की माणसं शिव्या घालायची. सुभाना आधी ओशाळायचा, मग हसायचा, मग वल्ह्यानं खडक ठोकून त्याचा आवाज नीट ऐकायचा आणि त्याचं बारसं करायचा. एक जावई, कारण तिथं पाटलाचा जावई पाण्यात पडला. एक गूळ, तिथं अख्खी ढेप विरघळली. एक म्हातारी, तिचा बटवा तिथं गेला आणि मरेपर्यंत तिनं सुभानाला तेच ऐकवलं. असे सतरा. काही जण एकोणीस म्हणतात. जास्तीचे कुठून आणले ते त्यांनाच ठाऊक.

दुसरा नावाडी बळवंता. त्याची होडी जन्मात आपटली नाही. सातोशीच्या देवळाच्या कळसावर नजर ठेवायची आणि नाकासमोर जायचं, एवढीच त्याची विद्या. भर घाटावर तो ओरडायचा, "सुभान्या, लेका, नदीत सतरा खडक आन् तुला सतराच्या सतरा घावले! येखादा तरी चुकव की!"

सुभाना म्हणायचा, "वळख ठेवलेली बरी, दादा."

मग एका पौषात धुकं उतरलं. हातातलं वल्हं दिसेना असं धुकं. तीन दिवस जागचं हललं नाही, असं म्हणतात. नेमकी तेव्हाच बळवंताची लेक यमुना बाळंतपणात अडली, आणि सुईण गंगू राहायची पलीकडं. बळवंता होडीत बसला, समोर पाहिलं, तर कळसच नाही. जन्मभर ज्या पाण्यावर फिरला, त्या पाण्यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.

तो सुभानाच्या दारात आला. "सुभाना, तू सोड होडी."

"मी?" सुभाना गोंधळला. "दादा, मला तर लख्ख उन्हातबी कळत न्हाई कुठं चाललो ते."

"तुला खडक तरी ठावं हाईत. माझी पोर जाईल रं. चल."

सुभानानं बळवंताला बसवून होडी सोडली. आणि गंमत बघा, त्याला काही वेगळं वाटेचना. धुकं त्याच्या डोक्यात कायमच होतं, आज नुसतं बाहेर आलं होतं. त्यानं वल्हं पाण्यात ठोकलं आणि हाक मारली, "जावईबापू, हायसा का?"

असं म्हणतात, खडकानं ओ दिली. काही शहाणे म्हणतात, तो पाण्याचा आवाज. मी विचारतो, तुम्ही होता का तिथं? "हाय!" म्हणाला जावई, भरड्या आवाजात. मग डावीकडून गूळ बोलला. पुढं म्हातारी, ती अजून बटवाच मागत होती. एकेकाला वाट विचारत सुभाना सातोशीला लागला, आणि गंगूला घेऊन तसाच माघारी फिरला.

येताना ओळखीचे सगळे मागं पडले, काठ हाताशी आला, आणि धाड! अठरावा. फळी फुटली, पाणी आत.

गंगू किंचाळली, "मेल्या, बाळ यायच्या आधी मला वर धाडतोस का?"

सुभाना ओशाळला. मग हसायला लागला. "आत्तापतुर कुठं दडला व्हतास रं गड्या!"

बळवंताला कळेना, याला मारावं की आपण रडावं. त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं, भोकात कोंबलं आणि वर स्वतः बसला. बसल्या बसल्या म्हणाला, "सुभाना, चुकलो मी. लई हसलो तुला."

"हसा की, दादा. पर उठू नगा आता तिथनं."

यमुना वाचली. मुलगी झाली. अठराव्या खडकाचं नाव पडलं पागोटं.

सुभाना पुढं कसा गेला, ते धड कोणी सांगत नाही. असं म्हणतात, एका धुक्यात तो होडी घेऊन निघाला तो कुठल्याच काठाला लागला नाही. अजून काठ शोधतोय आणि वाटेत हसतोय.

आता पूल झालाय. तरी पौषातलं पहिलं धुकं पडलं की गाव घाटावर जमतं. होडीत पाय ठेवण्याआधी प्रत्येकानं वर्षातली आपली एक चूक मोठ्यानं सांगायची, बाकीच्यांनी पोट धरून हसायचं, मग सुभानाच्या नावानं जावयाला वल्हं ठोकायचं. चूक सांगितली नाही त्याला होडीत जागा नाही.

मी माझी सांगितली. मीठ समजून आमटीत धुण्याचा सोडा घातला, हसलात सगळे. सगळ्यांची सांगून झाली. गेल्या वर्षी भर घाटावर जो मला म्हणाला, "बाबांना खडक मोजता येत नाहीत, ते एकोणीस आहेत," तो तेवढा अजून काठावर तोंड मिटून उभा आहे. बळवंताचा पणतू, हैबती.