एक मान लांब

एका जंगलाच्या पोटात, टेकड्यांच्या मधल्या खळग्यात एक तळं होतं, आणि त्या तळ्यात पाय बुडवून उभ्या असलेल्या बाभळीवर एक तिरंदाजीण राहत असे. मुलांनो, तिरंदाज पक्षी तुम्ही पाहिलाय का? रंगानं काळा, पाणकावळ्यापेक्षा मोठा आणि मान ही एवढी लांब. पोहताना सगळं अंग पाण्याखाली आणि नुसती मान वर, म्हणून पुष्कळांना पाण्यात साप चाललाय असंच वाटतं. त्याच्या मानेला मधोमध कोपरासारखा बाक असतो. पाण्याखाली मासा दिसला की तो मान मागे ओढतो, धनुष्याची दोरी ओढावी तशी, आणि सोडतो. सुईसारखी चोच माशाच्या आरपार!

एक गोष्ट मात्र देवानं त्याला द्यायची राहून गेली. बदकाचे पंख पाण्यात कोरडे राहतात, याचे चिंब भिजतात. दोन-तीन बुड्या मारल्या की खोडावर बसायचं, पंख पसरायचे आणि वाळेपर्यंत उन्हाची मनधरणी करायची. म्हणजे एक बुडी वाया गेली तर सकाळ अर्धी वाया गेलीच म्हणून समजा.

तिरंदाजिणीची ही पहिलीच पिल्लं. तीनच होती, तरी ती येता-जाता मोजायची. वर घारी फिरायच्या म्हणून पिल्लांचा बाप घरट्यावर पहारा द्यायचा आणि मासे आणायला ही जायची. पहिले काही दिवस बरे गेले. मग बाभळीजवळचे मासे शहाणे झाले. काळी सावली दिसली की ते दूर पळायचे, आणि ती हात हलवत, म्हणजे पंख हलवत, परत यायची. परत आली की तीन चोची आ करून समोर.

एका सकाळी तिला कमळाच्या देठांपलीकडे एक मोठी मरळ दिसली. पण होती दूर. ती रोज जेवढ्या अंतरावरून मारायची, त्याच्या दुप्पट अंतरावर. 'एवढी मरळ मिळाली तर तिघंही दोन दिवस शांत झोपतील,' असं तिच्या मनात आलं, आणि मनात येईपर्यंत मान सुटलीसुद्धा.

चोचीच्या टोकाला काहीतरी मऊ लागलं. मग एक हिसडा बसला, पाण्यात लाल धूर पसरल्यासारखं झालं आणि मरळ निसटून गेली.

वर फांदीवर खंड्या बसला होता. निळा कोट, पांढरा शर्ट, आणि तोंडाला कधी कुलूप नाही. तो ओरडला, "लागला! वहिनी, लागला! काय तो नेम! दोन माना लांबून!"

"लागला, पण आला कुठे, भावजी?" तिरंदाजीण धापा टाकत म्हणाली.

"जाऊ द्या हो. तळ्यात काय एकच मासा आहे?"

तिलाही ते पटलं. पंख वाळवता वाळवता ती तो मासा विसरूनही गेली.

तिसऱ्या दिवशी बारके मासे शोधत ती काठच्या शेवाळात शिरली, तर तिथे तीच मरळ एका कुशीवर पडलेली. शेपटीच्या वर भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. कल्ले कसेबसे हलत होते.

"आलीस?" मरळ म्हणाली.

तिरंदाजिणीनं मान आखडून घेतली.

"मारतेस याचा राग नाही बाई. तू मारायचं, आम्ही पळायचं, हे आमच्या आज्या-पणज्यांपासून चाललंय. पण हे काय करून ठेवलंस? धड मारलं नाहीस, धड सोडलं नाहीस. तीन दिवस मी इथे कुणाची वाट बघतेय, सांग?"

तिरंदाजीण अगदी जवळ गेली. चोच टेकेल इतकी जवळ. आणि तिनं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं. मरळ निवांत झाली. पण ते मांस आता पिल्लांच्या तोंडी देण्यासारखं उरलं नव्हतं. एवढी मोठी मरळ, आणि कुणाच्याच पोटात गेली नाही.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला. लांब म्हणजे किती लांब? कुठपर्यंत मारलं तर चालतं आणि कुठून पुढे मारू नये? पंख वाळत घातले तरी ती त्याचाच विचार करी. समोरून पाण्यावर किडा चालला की मनात म्हणे, 'हा कितीवर आहे बरं? एक मान? दीड?' पिल्लांचा बाप म्हणाला, "अगं, मासे धरायचे सोडून तू मोजत काय बसलीस?" पण तिला राहवेना. ती विचारत सुटली.

खंड्या म्हणाला, "सोप्पं आहे, वहिनी. डोळ्याला दिसला की मारायचा! माझे दहातले चार लागतात, बाकीच्या वेळी नुसती अंघोळ."

"तुमचे मासे बोटाएवढे, भावजी. हुकला तर पळून जातो. माझा अर्धा लागला तर?"

खंड्यानं कोट झटकला आणि विषय बदलला.

काठावर एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्यालाही तिनं विचारलं. तो डोळे न उघडताच म्हणाला, "मी मोजत नाही. मासा पायाशी येईपर्यंत मी झाड असतो."

"आणि नाही आला तर?"

"तर झाड उपाशी राहतं. आता सरक, सावली पडतेय तुझी."

शेवटी ती म्हाताऱ्या कासवीकडे गेली. कासवी खडकावर ऊन खात होती. तळ्यातलं सगळ्यांत जुनं डोकं तिचंच, आणि बोलायची घाई तिला कधीच नसे. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मला विचारून काय कळणार? माझी मान तर बघ, एवढीशी. तुझ्या मानेचं माप तुझ्या मानेलाच विचार की."

"कसं विचारू, आजी?"

"चिखलात काटकी रोव. तिला शेवाळाचा गोंडा लाव. आणि मार. जवळून मार, लांबून मार. काटकीला दुखत नाही."

तिरंदाजिणीला ही युक्ती फार आवडली. पुढचे चार दिवस लख्ख ऊन होतं. मासे धरून झाले की ती काटकीपाशी जायची. एक मान लांबून तिनं दहादा मारलं, दहाही वेळा गोंडा टोचला. दीड मान लांबून मारलं, आठदा लागलं. दोन माना लांबून फक्त पाच वेळा.

"दीड मानेला दहात आठ!" खंड्या फांदीवर नाचायलाच लागला. "वहिनी, आमच्या वडिलांनाही जमलं नसतं हे! ठरलं तर मग. दीड मान!"

तीही खुशीत आली. दीड मान म्हणजे कमळांच्या पलीकडचेही मासे आपलेच! तिनं धावत जाऊन कासवीला सांगितलं.

कासवीनं एक डोळा उघडला. "आणि ते दोन?"

"कुठले दोन, आजी?"

"दहातले दोन. ते कुठे गेले?"

"ते... हुकले."

"काटकीवर हुकले ते हुकले. माशावर हुकतील ते शेवाळात जाऊन पडतील." एवढं बोलून कासवीनं डोळा मिटला.

तिरंदाजीण तशीच मागे फिरली. मग घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "एक मान. त्याच्यापुढे नाही." कमळांपलीकडचे मासे तिनं सोडून दिले. त्याऐवजी ती देठांच्या आडून हळूहळू पुढे सरकायला शिकली. तिला वाटलं, सुटला एकदाचा प्रश्न. पण प्रश्न काही सुटला नव्हता.

कारण मग आभाळ भरून आलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसता गार वारा. पहिल्या दिवशी पंख वाळले नाहीत. दुसऱ्या दिवशी तर ओल्या पंखांनी तिला घरट्यापर्यंत चढतानाच तोंडाला फेस आला. मिळाले ते दोन बारके मासे पिल्लांनी संपवले, आणि तिनं स्वतः काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिल्लं मोजली. तीन होती. पण धाकट्यानं मान वर केली नाही. चोचीनं हलवलं तरी नाही.

"आज काहीतरी आणच," पिल्लांचा बाप हलक्या आवाजात म्हणाला. "त्याला संध्याकाळ दिसेल असं मला वाटत नाही."

ती पाण्यात उतरली. जाता जाता समोर ती काटकी दिसली. काय वाटलं कोण जाणे, तिनं एक मान लांबून तीनदा मारून पाहिलं. दोनदा लागलं. एकदा चोच गोंड्याच्या बाजूनं निघून गेली.

हे कसं झालं? काटकी सरकली की काय? तिनं जवळ जाऊन बघितलं. काटकी होती तिथेच होती. ती वर आली तेव्हा कासवी तिच्या शेजारून पोहत चालली होती.

"आजी, काटकी तीच आहे, मान तीच आहे. काल-परवा दहाला दहा लागत होते. आज हुकला कसा?"

"कारण त्या दिवशी तू जेवलेली होतीस," कासवी म्हणाली. "ऊन होतं. पिल्लू मान वर करत होतं. आज तुझी मान थरथरतेय, ते तुला दिसत नाही, मला दिसतंय. तुझी एक मान आज अर्धीच आहे, पोरी."

"पण आज तर मला सगळ्यांत जास्त गरज आहे, आजी!"

"ते तुला माहीत आहे. तुझ्या मानेला माहीत नाही."

तिरंदाजिणीनं बुडी मारली. पाणी गढूळ होतं. देठांच्या आडून ती सरकत राहिली आणि एकदम समोर एक मरळ दिसली. पहिलीपेक्षाही मोठी. बरोबर एक मान लांब. ना कमी, ना जास्त.

तिची मान आपोआप मागे ओढली गेली. छातीत श्वास कोंडला होता. डोळ्यांपुढे धाकट्याची लोंबकळलेली मान येत होती. 'तीनात दोन,' तिनं मनाशी म्हटलं, 'तीनात दोन लागतात की. मार.' आणि लगेच दुसरं मन म्हणालं, 'आणि तो तिसरा?'

तिनं मारलं नाही. मान तशीच ओढून धरून ती एक बोट पुढे सरकली. मग आणखी एक बोट. एवढ्यात मरळीनं अंग वळवलं, शेपटी फिरवली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. त्या घडीला चोच सुटली असती तर ती नेमकी शेपटीवर बसली असती. जिथे पहिलीला बसली होती, तिथेच.

ती रिकामी वर आली. खंड्या फांदीवरून म्हणाला, "अहो वहिनी, हातचा सोडलात! घरी पिल्लू निपचित पडलंय आणि तुम्ही मोजमाप करताय?"

हे बोलणं तिला फार लागलं. ती तशीच पुन्हा बुडाली. दुसरी बुडीही रिकामी गेली. आता पंख दगडासारखे झाले होते. यानंतर फार तर एक बुडी, नाहीतर बाभळीवर चढायलासुद्धा ताकद उरली नसती.

तिसऱ्या वेळी ती लांब गेलीच नाही. बगळ्याचं बोलणं तिला आठवलं. बाभळीच्याच बुडाशी, मुळ्यांमध्ये ती शिरली आणि मुळीसारखी होऊन राहिली. एक पंख हलवला नाही. छाती फुटायची वेळ आली, तरी नाही. बाभळीजवळचे शहाणे मासे कितीतरी दिवसांनी मुळ्यांकडे परतू लागले. एक लहानसा मासा, बोटभरच, तिच्या डोळ्यांसमोरून चालला होता. अर्ध्या मानेपेक्षाही जवळ.

मान सुटली.

ती कशीबशी, फांदी-फांदीला चोच अडकवत घरट्यात पोचली. मोठी दोन्ही पिल्लं आ करून धावली. तिनं त्यांना पंखानं बाजूला सारलं, धाकट्याची चोच आपल्या चोचीनं उघडली आणि मासा हळूच आत सोडला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग धाकट्याच्या गळ्यातून एक लहानसा गोळा खाली सरकताना दिसला. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. आणि मग, अगदी सावकाश, मान वर केली.

"एवढासाच आणलास?" थोरलं पिल्लू फुरंगटून म्हणालं.

"एवढासाच," तिरंदाजीण म्हणाली, "पण अख्खा."

खाली फांदीवर खंड्या होता. तो उडाला आणि पाण्याच्या अगदी जवळच्या फांदीवर जाऊन बसला.

तात्पर्य : आपला नेम कुठवर पोचतो, हे आपल्या सगळ्यांत चांगल्या दिवसाला विचारू नये, आजच्या दिवसाला विचारावं, आणि शंका आली तर जवळ जावं, नाहीतर चोच मिटून परतावं, कारण आपल्या हुकलेल्या नेमाचं दुखणं दुसऱ्यालाच भोगावं लागतं.